टोचलेल्या मात्रा मोजल्या. तयार झालेली प्रतिकारशक्ती कोण मोजणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जनावरांत विषाणूजन्य साथ आली की वर्तमानपत्रांत दोन बातम्या ठरलेल्या असतात. आधी ‘इतक्या जनावरांचे लसीकरण पूर्ण’ आणि काही आठवड्यांनी ‘लस देऊनही जनावरे दगावली’. या दोन बातम्यांच्या मधल्या काळात जनावराच्या शरीरात काय घडते, किंवा काय घडायचे राहून जाते, याबद्दल मात्र क्वचितच एखादी ओळ छापून येते. मग वाचणाऱ्याची समजूत होते की लस एक तर चांगली असते, नाहीतर बोगस. पशुपालक पुढच्या वेळी लस टोचून घ्यायला नकार देतो आणि साथीला मोकळे रान मिळते. म्हणून हे पत्र, थोडे लांबले तरी चालेल असे समजून लिहीत आहोत. टोचलेल्या मात्रांचा आकडा आणि खरोखर संरक्षण मिळालेल्या जनावरांचा आकडा हे दोन निरनिराळे आकडे आहेत. पहिला नोंदवहीतून मिळतो. दुसरा मिळवण्यासाठी जनावराचे रक्त तपासावे लागते, आणि ते काम बहुतेक वेळा कोणी करतच नाही.

आधी शरीराचे वेळापत्रक पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. विषाणू पेशीत शिरला की काही तासांतच त्या पेशीला परक्या आरएनएची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय द्रव्याची, चाहूल लागते आणि ती इंटरफेरॉन हे धोक्याची सूचना देणारे प्रथिन सोडते. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातील पडद्यावर इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा अभ्यास करताना हे द्रव्य शोधले. इंटरफेरॉन मिळाले की शेजारच्या पेशी आपली प्रथिननिर्मिती आवरती घेतात आणि विषाणूचा आरएनए तोडणारी विकरे (एन्झाइम) तयार ठेवतात. दोन-तीन दिवसांत नैसर्गिक मारक पेशी कामाला लागतात. त्या विशिष्ट विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशींची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) फौज उभी राहायला सुमारे आठवडा लागतो. विषाणूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिने म्हणजे प्रतिपिंडे. त्यांतली आयजीएम जातीची पहिली प्रतिपिंडे साधारण ५ ते ७ दिवसांत दिसू लागतात. अधिक नेमकी आणि टिकाऊ आयजीजी प्रतिपिंडे पुरेशी जमायला १० ते १४ दिवस जातात. निष्क्रिय विषाणूची लस असेल तर पहिल्या मात्रेने मिळणारे संरक्षण तोकडे आणि अल्पकाळ टिकणारे असते. लसिका गाठींमध्ये प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींची निवड होत होत प्रतिपिंडांची पकड घट्ट होते आणि त्याला अवधी लागतो. म्हणूनच दुसरी मात्रा ३ ते ४ आठवड्यांनी द्यायची असते. ती चुकली तर पहिलीचा बराचसा फायदा वाया जातो. बातमीत ‘लसीकरण पूर्ण’ असे वाचतो तेव्हा पहिली मात्रा पूर्ण झाली की दोन्ही, हे कोणी विचारलेले नसते.

हे वेळापत्रक सगळ्या प्राण्यांत सारखे चालत नाही. परक्या आरएनएची चाहूल घेणारे ‘रिग-आय’ नावाचे प्रथिन बदकात असते, कोंबडीत नसते. बर्ड फ्लूच्या काही विषाणूंनी कोंबड्यांचा कळप झपाट्याने मरतो आणि बदके मात्र धडधाकट दिसत तोच विषाणू पसरवत राहतात, त्यामागचे हे एक कारण आहे. निरोगी दिसणारा प्राणी विषाणूमुक्त असतोच असे नाही, हे बदकांकडे पाहून पटावे.

आता ‘लस देऊन आठ दिवस झाले आणि जनावर आजारी पडले’ ही तक्रार घेऊ. लाळ्या-खुरकूतचा अधिशयन काळ, म्हणजे संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, २ ते १४ दिवसांचा असतो. लम्पी चर्मरोगात तो आणखी लांबू शकतो. साथ जवळ येऊन ठेपल्यावर टोचायला धावलो तर काही जनावरांच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला असतो. तिथे लस आणि विषाणू यांची शर्यत लागते आणि विषाणू पुढे असतो. या जनावरांना लसीमुळे आजार झालेला नसतो, आणि लस निकृष्ट होती असेही त्यावरून ठरत नाही. पण अशा वेळी घडणारी एक चूक खरोखर घातक आहे. एकच सुई घेऊन गोठ्यागोठ्यांतून फिरले की आजाराच्या उंबरठ्यावर असलेल्या जनावराचे रक्त पुढच्या जनावराच्या अंगात जाते. दर जनावराला नवी सुई, आणि आधी बाधित भागाच्या बाहेरून टोचत आत यायचे, हा क्रम पाळला पाहिजे. उलट क्रमाने गेले तर माणसांच्या कपड्यांवरून आणि पादत्राणांवरून विषाणूच पुढे नेला जातो.

लाळ्या-खुरकूतचा आणखी एक पेच आहे. १८९८ मध्ये लोफ्लर आणि फ्रॉश यांनी दाखवले की हा आजार जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाणाऱ्या कारकाने होतो. प्राण्यांच्या आजाराचा ओळखला गेलेला हा पहिला विषाणू. त्याचे सात प्रकार आहेत: ओ, ए, सी, आशिया-१ आणि सॅट-१, २, ३. एका प्रकाराची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला अडवत नाहीत. एवढेच नव्हे, एकाच प्रकारातही उपप्रकार इतके बदलतात की जुन्या वाणापासून बनवलेली लस नव्या वाणापुढे अपुरी पडू शकते. म्हणून ‘लस दिली होती का’ या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ मिळाले तरी चौकशी तिथे थांबता कामा नये. लसीत कोणते प्रकार होते आणि साथीत कोणता सापडला, हे दोन्ही कळल्याशिवाय लसीवर ठपका ठेवण्यात किंवा तिला निर्दोष ठरवण्यात अर्थ नाही. या लसीचे संरक्षण ४ ते ६ महिनेच टिकते, त्यामुळे शेवटची मात्रा कधी दिली होती तेही विचारावे लागते.

हा विषाणू प्रतिकारशक्तीच्या पहिल्या फळीवरच घाला घालतो. त्याचे एक विकर पेशीच्या प्रथिननिर्मितीतला एक महत्त्वाचा घटक तोडून टाकते, त्यामुळे पेशीला इंटरफेरॉन बनवणेच जमत नाही. विषाणूची स्वतःची प्रथिने वेगळ्या वाटेने बनत राहतात. म्हणून जनावराला ताप येण्याआधीच, तोंडात फोड दिसण्याआधीच तो दुधातून आणि श्वासातून बाहेर पडू लागलेला असतो. बरे झालेल्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या घशात तो २८ दिवसांनंतरही, कधी कित्येक महिने, राहू शकतो. लस दिलेल्या जनावरालाही लक्षणांशिवाय संसर्ग होऊन असे घडू शकते. अशी जनावरे ओळखण्याची सोय आहे. शुद्ध केलेल्या लसीत विषाणूच्या कवचाची प्रथिने असतात. पेशीत वाढताना विषाणू जी असंरचनात्मक प्रथिने बनवतो, ती त्या लसीत जवळजवळ नसतात. रक्तात या दुसऱ्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर त्या जनावराला खरा संसर्ग होऊन गेला असे समजायचे. वारंवार लस घेतलेल्या एखाद्या जनावरात ही चाचणी फसवू शकते. कळपाच्या पातळीवर मात्र ती अतिशय उपयोगी आहे.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते नवजात पिलांकडे, म्हणून इथे थोडे थांबतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचतच नाहीत. वासरू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ शून्य असतात. ती मिळतात फक्त चिकातून. वासराच्या आतड्याला ही मोठी प्रथिने अखंड शोषून घेण्याची क्षमता जन्मानंतर काही तासच असते. ती तासागणिक घटते आणि २४ तासांत संपते. पहिल्या २ ते ४ तासांत वजनाच्या १० टक्के चीक पोटात गेला पाहिजे. ३५ किलोच्या वासराला साधारण साडेतीन लिटर. १२ तासांच्या आत आणखी ५ टक्के द्यावा. चिकात आयजीजी लिटरला ५० ग्रॅमच्या वर हवे. गोडी मोजण्याच्या ब्रिक्स मापकावर चिकाचा थेंब टाकून २२ टक्के किंवा जास्त वाचन आले तर चीक चांगला समजावा. उपकरण हातात मावते आणि तपासणीला मिनिटही लागत नाही. वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही, ही समजूत ठेवून सहा-आठ तास घालवले तर ते नुकसान नंतर कोणत्याही औषधाने भरून निघत नाही. चीक नीट पोहोचला की नाही हेही तपासता येते. एक ते दोन दिवसांच्या वासराच्या रक्तजलातले एकूण प्रथिन १०० मिलिलिटरला ५.२ ग्रॅमच्या खाली असेल तर चीक कमी पडला असे धरायचे.

पण चिकातून मिळालेली हीच प्रतिपिंडे पुढे लसीच्या आड येतात. लसीतला विषाणू शरीरात पोहोचताच आईची प्रतिपिंडे त्याला निकामी करतात आणि पिलाच्या स्वतःच्या पेशींना तो दिसतच नाही. वासरात या प्रतिपिंडांचे प्रमाण निम्मे व्हायला अडीच-तीन आठवडे लागतात, कुत्र्याच्या पिलात साधारण ९-१० दिवस. पिलाला आजारापासून वाचवण्याइतकी प्रतिपिंडे संपलेली असतात, पण लसीला अडवण्याइतकी अजून शिल्लक असतात, असा एक काळ मधे येतो. या काळात रोगाचा विषाणू पिलाला धरू शकतो आणि लस धरत नाही. कुत्र्यांतल्या पार्व्होच्या (जीवघेणा अतिसार करणाऱ्या विषाणूच्या) बाबतीत हा काळ प्रत्येक पिलासाठी वेगळा असतो. ज्याने जास्त चीक प्यायला त्याच्यात तो उशिरा येतो. म्हणून ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरुवात करून दर २ ते ४ आठवड्यांनी मात्रा देत जायचे आणि शेवटची मात्रा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा नंतर द्यायची, असा नियम आहे. या सगळ्या मात्रा ताकद वाढवण्यासाठी असतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात यातली एक मात्रा योग्य वेळी लागू पडावी यासाठी ती मालिका असते. १२ आठवड्यांना ‘दोन झाल्या, पुरे’ म्हणून थांबलेले पिल्लू नंतर पार्व्होने गेले, तर शेवटची मात्रा चुकलेली असते.

कोंबड्यांत हाच हिशेब दिवसांवर येतो. गंबोरो या कोंबड्यांच्या विषाणूजन्य आजाराविरुद्धची आईकडून आलेली प्रतिपिंडे मांसल जातीच्या पिलांत ३ ते साडेतीन दिवसांत निम्मी होतात, अंडी देणाऱ्या जातीत त्याहून सावकाश. पिलांच्या रक्तातील पातळी मोजून, निम्मे होण्याचा वेग धरून लसीचा दिवस काढण्याचे डेव्हेंटर सूत्र उपलब्ध आहे. वेळापत्रक भिंतीवरून उतरवून घेण्यापेक्षा १५-२० पिलांचे रक्त तपासून दिवस ठरवणे केव्हाही चांगले. पिले निरनिराळ्या वयाच्या कळपांच्या अंड्यांतून आलेली असतील तर त्यांची पातळी विखुरलेली असते. मग एक मात्रा सगळ्यांना लागू पडत नाही आणि दुसरी द्यावी लागते.

गंबोरोचे गांभीर्य मृत्यूंच्या आकड्यावरून कळत नाही. हा विषाणू बर्सा या ग्रंथीतल्या वाढणाऱ्या बी पेशी नष्ट करतो. बी पेशींतला ‘बी’ याच बर्साचा आहे. १९५६ मध्ये ग्लिक आणि सहकाऱ्यांनी बर्सा काढून टाकलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे बनत नाहीत हे दाखवले होते. तीन आठवड्यांच्या आत हा संसर्ग झाला तर पिलू अनेकदा आजारी दिसतही नाही, पण त्याची प्रतिपिंडे बनवण्याची क्षमता कायमची खुंटते. पुढे मानमोडीची (राणीखेतची) लस वेळेवर, योग्य मात्रेत दिली तरी तिला प्रतिसाद द्यायला पेशीच उरलेल्या नसतात. मानमोडीची साथ येते, लोक मानमोडीच्या लसीला नावे ठेवतात, आणि खरा गुन्हेगार महिन्याभरापूर्वी येऊन गेलेला असतो. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याचा बर्सा उघडून पाहिला पाहिजे. तो आक्रसलेला असेल तर चौकशीची दिशाच बदलते. कुत्र्यांतला डिस्टेंपरही प्रथम पांढऱ्या पेशींवरच बसतो, आणि पार्व्हो आतड्याबरोबर अस्थिमज्जाही पोखरतो. बुरशीयुक्त खाद्यातले अफ्लाटॉक्सिन हे विषाणू नव्हे, पण कोंबड्यांची लसीला प्रतिसाद देण्याची शक्ती तेही कमी करते. खाद्याची गोणी तपासल्याशिवाय लसीचा निकाल लावू नये.

गायींच्या विषाणूजन्य अतिसारात, म्हणजे बीव्हीडीत, तर विषाणू प्रतिकारशक्तीची समजच बदलून टाकतो. गाभण गायीला सुमारे ४० ते १२० दिवसांच्या दरम्यान हा संसर्ग झाला, तर गर्भाची प्रतिकारयंत्रणा अजून आपले-परके शिकत असते. ती या विषाणूला आपलाच अंश मानते. जन्मलेले वासरू आयुष्यभर विषाणू सोडत राहते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवत नाही. प्रतिपिंडांची चाचणी केली तर ते निर्दोष ठरते. म्हणून इथे प्रतिपिंडांऐवजी विषाणूचे प्रतिजन, म्हणजे त्याची स्वतःची प्रथिने, शोधायचे असतात, आणि त्यासाठी कानाच्या कडेचा छोटासा तुकडा पुरतो. असे एक जनावर कळपात राहिले तर बाकीच्यांना कितीही लस टोचली तरी नव्या गाभण गायींपर्यंत विषाणू पोहोचण्याचा धोका टळत नाही.

आता लसीच्या प्रवासाविषयी. शीतसाखळी हा शब्द सर्वांच्या तोंडी आहे, पण लस गरम होण्याची जेवढी धास्ती असते तेवढी गोठण्याची नसते. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड घातलेली लस एकदा गोठली की तिचे कण एकत्र गोळा होतात आणि ती निरुपयोगी ठरते. वितळल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. बर्फाच्या लाद्यांना (आइस पॅकना) बाटली थेट टेकवली की हेच होते. म्हणून लाद्या थोड्या वितळू द्याव्यात, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला पाहिजे, आणि मधे पुठ्ठा ठेवावा. शंका असल्यास त्याच घाण्यातली (बॅचमधली) एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवावी आणि दोन्ही एकत्र हलवून शेजारी ठेवाव्यात. संशयित बाटलीतही गोठवलेल्या बाटलीइतक्याच भरभर चोथा खाली बसला तर ती वापरू नये. फ्रीज २ ते ८ अंश सेल्सिअसवर हवा. बाटल्या दारात ठेवू नयेत, गोठणकप्प्याला चिकटवून ठेवू नयेत आणि दिवसातून दोनदा कमाल-किमान तापमान लिहावे. लाळ्या-खुरकूतच्या लसीचे सगळे बळ विषाणूच्या अखंड कवचात असते. उष्णतेने किंवा आम्लाने ते कवच तुकड्यांत सुटे झाले की लसीचा जोर बहुतांशी जातो, आणि बाटलीकडे पाहून काहीही कळत नाही.

जिवंत विषाणूच्या लशींची काळजी वेगळी. कोरडी पूड थंडीत टिकते. द्रावण मिसळले की घड्याळ सुरू होते आणि तासाभरात ती संपवावी लागते, उन्हापासून दूर ठेवून. उकळलेली सिरिंज गार होऊ द्यावी. सिरिंज जंतुनाशकात बुडवून वापरू नये. कातडीला स्पिरिट लावले असेल तर ते पूर्ण वाळू द्यावे. कोंबड्यांना पाण्यातून लस द्यायची असेल तर आदल्या दिवसापासून पाण्यात क्लोरीन नको. पाण्यात दर लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पूड वीस-तीस मिनिटे आधी मिसळावी, म्हणजे उरलेसुरले क्लोरीन निष्प्रभ होते. पक्ष्यांना आधी तास-दोन तास तहानलेले ठेवावे आणि लसीचे पाणी दोन तासांत संपेल एवढेच करावे. भांड्यांची संख्या कमी असेल तर दांडगे पक्षी पितात आणि दुबळे तसेच राहतात. जवळपास सगळ्याच मोहिमांत एक बारीक दोष राहतो, तो आपोआप भरणाऱ्या सिरिंजचा. २ मिलिलिटरवर लावलेली सिरिंज झिजली की दीड मिलिलिटर सोडू लागते. सकाळी सुरू करण्यापूर्वी मोजपात्रात दहा वेळा दाबून पाहावे. २० मिलिलिटर भरले नाहीत तर ती सिरिंज बाजूला ठेवावी.

या सगळ्याचा आकड्यांवर काय परिणाम होतो ते पाहा. समजा एका आजारात प्रत्येक बाधित जनावर सरासरी ४ जणांना आजार देते. तो थांबवायला कळपातली किमान ७५ टक्के जनावरे संरक्षित हवीत. मोहिमेत ८० टक्क्यांना टोचले, बातमी आली ‘लक्ष्य पार’. पण टोचलेल्यांपैकी ८५ टक्क्यांनीच पुरेसा प्रतिसाद दिला तर संरक्षित निघाली ६८ टक्के. पुढच्या काही महिन्यांत जन्मलेली वासरे, विकत आलेली जनावरे आणि ओसरत जाणारी प्रतिपिंडे धरली की हा आकडा आणखी घसरतो. मोहिमेत कोणी खोटेपणा केलेला नसतो. तरी साथ येते.

प्रतिकारशक्ती मोजून साथ हटवता येते याचा पुरावा आपल्या हयातीतलाच आहे. बुळकांडीचे (गुरांच्या रिंडरपेस्ट या विषाणूजन्य रोगाचे) जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात विकसित केलेली लस एका मात्रेत दीर्घकाळ संरक्षण देत होती. विषाणूचा एकच प्रतिजन-प्रकार होता आणि बरी झालेली जनावरे वाहक राहत नव्हती. लाळ्या-खुरकूतमध्ये यातले काहीच अनुकूल नाही, हे मान्य. तरी त्या मोहिमेतली एक गोष्ट जशीच्या तशी घेता येते. तिथे टोचून झालेल्या कळपांचे रक्त नियमित तपासले जात असे. प्रतिपिंडांचे प्रमाण कमी सापडले तर लस, शीतसाखळी आणि टोचणारा चमू यांची फेरतपासणी होई. शेवटच्या टप्प्यात तर लसीकरण थांबवून, विषाणू कुठे दडला आहे का ते शोधले गेले. अर्धवट लसीकरण चालू ठेवले असते तर तो झाकलेलाच राहिला असता.

रक्तातली प्रतिपिंडे म्हणजेच सगळी प्रतिकारशक्ती, असेही मात्र धरू नये. विषाणूने ग्रासलेली पेशी मारक टी पेशी कशी ओळखते हे झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये उंदरांत दाखवले. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, आणि डोहर्टी शिक्षणाने पशुवैद्यक होते याचा आम्हाला विशेष अभिमान वाटतो. लम्पीसारख्या देवीवर्गीय आजारांत हा पेशींचा प्रतिसाद फार महत्त्वाचा असतो. त्यामुळे लस दिलेल्या जनावरात प्रतिपिंडे कमी दिसली तरी ते संरक्षित असू शकते. कोणत्या आजारात कोणती मोजणी करायची हे जाणकाराला विचारूनच ठरवावे.

साथीच्या दिवसांत ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी टॉनिके हा आमच्या मते गंभीर विषय आहे. ज्या जनावराला प्रथिने, ऊर्जा, जस्त, सेलेनियम किंवा जीवनसत्त्व ‘ए’ कमी पडत आहे, त्याची कमतरता भरून काढली तर लसीचा प्रतिसाद सुधारतो. ज्याला ते पुरेसे मिळते आहे, त्याला आणखी पाजून काही वाढत नाही. सेलेनियम तर थोडे जास्त झाले तरी विषारी ठरते. शिवाय प्रतिसाद जेवढा जास्त तेवढा चांगला, हेही खरे नाही. मांजरांतल्या संसर्गजन्य उदरावरणदाहात प्रतिपिंडे आणि विषाणू यांची जोडी होऊन रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात. तिथे शरीराचा प्रतिसादच आजार वाढवतो. दुसऱ्या टोकाला डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड्स आहेत. ताप उतरतो, जनावर खायला लागते, मालक खूश होतो. पण त्या काळात पांढऱ्या पेशींचे हात बांधलेले असतात आणि मज्जातंतूंच्या गाठींत झोपलेला आयबीआरचा (गुरांच्या नाक-श्वासनलिकेच्या आजाराचा) विषाणू याच औषधाने जागा होतो. पशुवैद्यकाने कारण पाहून दिले तर या औषधाला जागा आहे. लसीकरणाच्या आगेमागे, अंदाजाने, कोणाच्याही हाताने मात्र नको. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. ती दुय्यम जिवाणूसंसर्ग झाला असेल तरच द्यायची.

शेवटी, वार्ताहरांना आणि पशुपालकांना एक विनंती आहे. ‘लस देऊनही आजार’ असे दिसले तर पहिल्या दिवसांतच नमुने जायला हवेत, कारण विषाणू सापडण्याचा काळ थोडा असतो. ताप चढलेला असताना घेतलेले रक्त, ते गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत पाठवावे. लाळ्या-खुरकूतचा संशय असेल तर ताज्या फोडाची साल ग्लिसरीन आणि फॉस्फेट बफरच्या समभाग द्रावणात घालावी. हे द्रावण उदासीनच हवे, आम्ल झाले तर विषाणू वाटेतच मरतो. लम्पीत गाठीचा किंवा खपलीचा तुकडा घ्यावा. साध्या नळीत रक्तजलासाठी रक्त घ्यावे आणि त्याच जनावराचे २ ते ३ आठवड्यांनी पुन्हा घ्यावे. प्रतिपिंडांची पातळी चौपट किंवा अधिक वाढलेली दिसली तर संसर्ग ताजा होता. एकाच नमुन्यावरून हे सांगता येत नाही. सोबत लसीचा घाणा क्रमांक, दोन्ही मात्रांच्या तारखा, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक आणि आजार दिसल्याची तारीख लिहावी. लसीची रिकामी बाटलीही टाकून न देता थंड ठेवावी.

आपले,
पशुविषाणूशास्त्र आणि पशूंच्या रोगप्रतिकारशास्त्रात काम करणारे काही पशुवैद्यक